उतारवयात शरीराचे वय आणि मेंदूची क्षमता घरच्या घरी कशी मोजावी

साठी उलटलेल्या माणसाचे शरीर आणि मेंदू किती थकले आहेत, हे जन्मतारखेवरून कळत नाही. नाशिकमधील कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी थोडा वेळ थांबून पाहिले तरी हे लक्षात येते. ऐंशीच्या घरातले एखादे आजोबा काठीविना फेऱ्या पूर्ण करतात आणि त्यांच्याहून बरेच लहान असलेले गृहस्थ बाकावरून उठताना दोन्ही हात टेकतात. हा फरक आकड्यांत पकडता येतो, त्यातला बराचसा घरी पकडता येतो आणि त्यासाठी फारसा खर्चही येत नाही. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. एकदाच काढलेल्या आकड्यावरून फार थोडे कळते. त्याच माणसाचा, त्याच पद्धतीने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने काढलेला आकडा शेजारी ठेवला, म्हणजे तो बोलू लागतो. पुढील सर्व कृती याच दृष्टीने सांगितली आहे.

विकत मिळणाऱ्या 'जैविक वया'विषयी

रक्ताचा किंवा लाळेचा नमुना घेऊन 'तुमचे खरे वय' सांगणाऱ्या चाचण्यांविषयी ज्येष्ठ मंडळी हल्ली आवर्जून विचारतात, म्हणून आधी त्याच घेऊ. वाढत्या वयाबरोबर डीएनएवरील ठरावीक जागी मिथाइल नावाचे रासायनिक गट कमी-जास्त होतात. स्टीव्ह होर्व्हाथ या संशोधकाने २०१३ मध्ये अशा ३५३ जागांवरून वयाचा अंदाज बांधणारे गणित मांडले आणि त्यातील मध्यक चूक ३.६ वर्षांची होती. ते गणित जन्मतारखेचे वय ओळखण्यासाठी तयार केले होते. त्यानंतर आलेल्या फेनोएज (२०१८) आणि ग्रिमएज (२०१९) या गणितांनी आजारपण व मृत्यूचा धोका समोर ठेवला. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा करून तयार झालेले ड्युनेडिनपेस (२०२२) हे गणित वय न सांगता वय वाढण्याचा वेग सांगते.

संशोधनासाठी, म्हणजे हजारो लोकांच्या सरासरीसाठी, ही साधने मोलाची आहेत. एका व्यक्तीच्या निर्णयासाठी मात्र ती अजून कच्ची आहेत. एकाच रक्तनमुन्याची दोनदा तपासणी केली असता प्रमुख गणितांच्या उत्तरांत ३ ते ९ वर्षांपर्यंत तफावत येऊ शकते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. खुब्याचे हाड मोडून तातडीची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांचे असे 'जैविक वय' शस्त्रक्रियेनंतर लगेच वाढले आणि काही दिवसांत पूर्ववत झाले, हेही नोंदले गेले आहे. तेव्हा आठ हजार किंवा पंधरा हजार रुपये खर्चून '६८ ऐवजी ७२' असे उत्तर आले, तर त्यातील चार वर्षे शरीराची किती आणि चाचणीची किती, हे सांगता येणार नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की तेच पैसे कानांची तपासणी, मोतीबिंदूची तपासणी आणि रक्तातील बी-१२ यांवर आधी खर्च करावेत.

मोजणीपूर्वी

एक जाड वही घ्यावी आणि ती याच कामासाठी ठेवावी. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, पायांत काय होते, आदल्या रात्रीची झोप, चालू औषधे आणि मोजणी कोणी केली हे लिहावे. वेळ नेहमी एकच असावी. सकाळी चहा-नाश्त्यानंतर दहा-अकराचा सुमार बहुतेकांना मानवतो. नाशिक-निफाडच्या थंडीत पहाटे सांधे आखडलेले असतात आणि चाल मंदावते, त्यामुळे पौषातील पहाटेची नोंद चैत्रातील दुपारच्या नोंदीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. ताप, जुलाब, रुग्णालयातील मुक्काम, घरातील मृत्यू किंवा लांबचा प्रवास झाल्यावर काही आठवडे थांबावे. छातीत दुखणे, चक्कर, नुकतेच झालेले अस्थिभंग किंवा शस्त्रक्रिया असतील, तर शारीरिक चाचण्या डॉक्टरांना विचारूनच कराव्यात, आणि कोणत्याही परिस्थितीत एकट्याने करू नयेत.

चाल, पाय, तोल आणि पकड

सर्वांत बोलका आकडा चालीच्या वेगाचा आहे. चालताना हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे, नजर, कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा आणि मेंदू यांना एकाच वेळी काम करावे लागते, त्यामुळे यांपैकी कोठेही उणीव आली तरी ती चालीत उतरते. घरातील खोली यासाठी अपुरी पडते. इमारतीचे पार्किंग, गच्ची किंवा लांब व्हरांडा निवडावा. सपाट जागेवर ८ मीटर अंतर मोजून घ्यावे आणि खडूने चार खुणा कराव्यात, एक सुरुवातीला, दुसरी १ मीटरवर, तिसरी ७ मीटरवर आणि चौथी शेवटी. पहिला आणि शेवटचा मीटर वेग घेण्यासाठी व कमी करण्यासाठी आहे, वेळ फक्त मधल्या ६ मीटरची धरायची. 'भाजी आणायला निघाल्यासारखे रोजच्या चालीने चला' एवढेच सांगावे, 'जोरात चला' असे म्हणू नये, आणि चालणाऱ्याशी बोलू नये. दोनदा मोजून सरासरी काढावी. काठी वापरत असल्यास काठीसह मोजावे आणि तसे लिहावे.

६ मीटरला ६ सेकंद लागले तर वेग सेकंदाला १ मीटर होतो. स्नायूंच्या ऱ्हासावर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये याहून कमी वेग हा मंद मानावा असे सुचवले आहे. साडेसात सेकंद लागले तर वेग ०.८ होतो, आणि युरोपीय तज्ज्ञांच्या निकषानेही तो मंद ठरतो. स्वतःच्या मागील नोंदीपेक्षा सेकंदाला ०.१ मीटरची घट झाली असेल, तर ती दखल घेण्याजोगी आहे. पहिल्या वेळी ६ सेकंद आणि वर्षाने पावणेसात, एवढ्या फरकात ती बसते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, म्हणून स्टॉपवॉच हवे.

दुसरी चाचणी खुर्चीवरून उठण्याची आहे. बैठक जमिनीपासून साधारण ४३ सेंटीमीटर उंच असलेली, हात नसलेली, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, ती घेऊ नये. हात छातीवर घडी घालून, पूर्ण उभे राहून आणि पुन्हा पूर्ण बसून, असे पाच वेळा जमेल तितक्या वेगाने करायचे आणि पाचव्यांदा उभे राहताच वेळ थांबवायची. आशियाई गट १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास स्नायूंकडे लक्ष द्यायला सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठांसाठीच्या मार्गदर्शिकेत १४ सेकंदांची मर्यादा आहे आणि युरोपीय गटाने १५ सेकंदांची धरली आहे. तिन्ही संस्था जबाबदार आहेत, तरी आकडे तीन आहेत. म्हणूनच १३ सेकंद लागले म्हणून घाबरून जाण्याऐवजी गेल्या वर्षी ११ लागत होते की १६, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. ज्यांना एकदाही हात न टेकता उठता येत नाही, त्यांनी वेळ मोजत बसू नये. तीच नोंद पुरेशी आहे आणि फिजिओथेरपिस्टकडे जाण्यासाठी तेवढे कारण बास आहे.

तोलासाठी स्वयंपाकघरातील ओट्याजवळ उभे राहावे आणि सोबतीला कोणीतरी हाताच्या अंतरावर असावे. डोळे उघडे ठेवून एका पायावर १० सेकंद उभे राहता येते का, हे दोन्ही पायांचे वेगवेगळे लिहावे. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयोगटातील १,७०२ व्यक्तींवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना हे जमले नाही त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. एका पायावर उभे न राहता येणे हे मृत्यूचे कारण नाही, ते शरीरातील राखीव शक्ती कमी झाल्याची खूण आहे.

हाताची पकड डायनामोमीटर नावाच्या उपकरणाने मोजतात आणि ते बहुतेक फिजिओथेरपी केंद्रांत असते. कोपर काटकोनात ठेवून प्रत्येक हाताने दोन-तीनदा दाबायचे आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. आशियाई निकषानुसार पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड ही दुर्बल मानली जाते. भारतासह १७ देशांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पकड दर ५ किलोने कमी असताना मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक दिसला होता. उपकरण मिळाले नाही तर ही चाचणी सोडून द्यावी. बरणीचे झाकण उघडण्यावरून आकडा काढता येत नाही.

पोटरीचा सर्वांत जाड भागाचा घेर टेपने मोजावा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी असल्यास स्नायू घटल्याची शंका घ्यावी, मात्र पायांवर सूज असेल तर हे माप फसवते. वजन दरमहा नोंदवावे. प्रयत्न न करता तीन महिन्यांत ३ किलोंहून अधिक वजन उतरले, तर 'वयामुळे' असे म्हणून सोडून देऊ नये.

कान, डोळे आणि उभे राहताना पडणारा रक्तदाब

ज्याला प्रश्न नीट ऐकू आला नाही त्याची स्मरणशक्ती तपासली जाऊच शकत नाही, म्हणून मेंदूच्या चाचण्यांपूर्वी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. कानात मळ भरला असेल तर काढून घ्यावा, ऑडिओमेट्री करून घ्यावी, चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू पाहावा. २०२४ मध्ये लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाशी संबंधित अशी १४ कारणे मांडली ज्यांवर उपाय करता येतो, आणि ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा अंदाज दिला. त्यांत श्रवणदोष आहे, आणि नव्याने समाविष्ट झालेल्या दोन कारणांत दृष्टिदोष आहे. आपल्याकडे चष्मा निःसंकोच लावला जातो आणि कानाचे यंत्र मात्र कपाटात पडून राहते, ही गोष्ट घरच्यांनी पुढाकार घेऊन बदलायला हवी.

रक्तदाब पाच मिनिटे आडवे पडून, मग उभे राहून एक आणि तीन मिनिटांनी मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला, तर पडण्याचा धोका असतो आणि औषधांचा फेरविचार डॉक्टरांकडून करून घ्यावा लागतो.

रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या

संपूर्ण रक्तगणना, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या चाचण्या, सोडियम, कॅल्शियम, टीएसएच (थायरॉईडसाठी), कोलेस्टेरॉल आणि बी-१२ एवढ्या तपासण्या बहुतेकांना पुरतात. बी-१२ विषयी विशेष सांगायला हवे. शाकाहारी माणसांत, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या मधुमेहींत आणि आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे रोज गोळी घेणाऱ्यांत ते कमी आढळते, आणि त्याच्या कमतरतेने विसराळूपणा, पायांना मुंग्या व तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. थायरॉईडची कमतरता आणि सोडियमची घसरणही बुद्धी मंदावल्याचा आभास निर्माण करतात. ही तिन्ही कारणे उपचारांनी सुधारू शकतात, म्हणून स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसण्यापूर्वी ती तपासलीच पाहिजेत.

अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) आणि रक्तगणनेतील काही घटक अशा नऊ साध्या चाचण्या व जन्मवय यांवरूनही एक 'जैविक वय' काढता येते. ते स्वस्त पडते, पण सर्दी-खोकला झाला तरी सीआरपी वाढतो आणि वय वर जाते, एवढे ध्यानात ठेवावे.

स्मृती आणि आकलन

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. उलट बाजूने पाहिले तर दहातील नऊ ज्येष्ठांना तो नाही. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे, आणि चाळीस वर्षे पायाखालच्या रस्त्याने पंचवटी कारंजाहून रविवार कारंजाला जाताना वाट चुकणे वेगळे.

पहिली पायरी म्हणजे चाचणी न घेता जवळच्या व्यक्तीला विचारणे. एडी-८ नावाच्या प्रश्नावलीत असे आठ प्रश्न आहेत, आणि प्रत्येकात 'गेल्या काही वर्षांत बदल झाला आहे का' एवढेच विचारलेले असते. निर्णय घेताना चूक होते का, आवडीच्या गोष्टींतून मन उडाले का, तेच प्रश्न किंवा तीच हकिगत पुन्हा पुन्हा येते का, नवे यंत्र, म्हणजे रिमोट किंवा मोबाईल, शिकणे जमेनासे झाले का, महिना किंवा वर्ष विसरले जाते का, पैशांचे व्यवहार अवघड जातात का, ठरलेल्या भेटी लक्षात राहत नाहीत का, आणि विचार व स्मरण यांची अडचण रोजची झाली आहे का. दोन किंवा अधिक ठिकाणी 'होय, बदल झाला आहे' असे उत्तर आले, तर डॉक्टरांकडे जावे. गुडघे दुखतात म्हणून बाजारात जात नाहीत, हा बदल यात धरायचा नाही.

हे प्रश्न आपल्या घरांत विचारताना अडचण येते. एकत्र कुटुंबात सून औषधे काढून देते, मुलगा वीजबिल भरतो, आणि आईला किंवा वडिलांना काही जमेनासे झाले आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. ज्या बाईंनी आयुष्यात बँकेचे काम केले नाही, त्यांना पासबुक समजत नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यांच्याविषयी पुरणाचे प्रमाण चुकते का, गोडा मसाला नेहमीचा राहिला का, एकादशी-चतुर्थी स्वतः सांगतात की विचारतात, हे पाहावे. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले गृहस्थ दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला स्वतः लक्षात ठेवून देत असतील आणि यंदा प्रथमच ते विसरले असतील, तर ती नोंद वहीत यायला हवी. माणूस पूर्वी काय लीलया करत असे आणि आता त्यातले काय अडते, हा खरा निकष आहे.

दुसऱ्या पायरीत छोटी चाचणी येते. शांत खोलीत, दुसऱ्या कोणासमोर नाही, आणि परवानगी घेऊनच ती करावी. पाहुण्यांदेखत 'आजी, आज वार कोणता?' असे विचारणे हा अपमान आहे आणि त्यातून येणारे उत्तरही निरुपयोगी असते. मिनी-कॉग या चाचणीत एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द, उदाहरणार्थ 'नदी, सुई, पेरू', सांगून म्हणवून घेतात, मग काटे असलेले घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतात आणि त्यानंतर ते तीन शब्द विचारतात. आठवलेल्या प्रत्येक शब्दाला एक आणि बरोबर घड्याळाला दोन, असे पाच गुण असतात, आणि तीनपेक्षा कमी गुण आल्यास सविस्तर तपासणी करावी.

ज्यांच्या हातात पेन्सिल क्वचितच आली, त्यांच्यासाठी घड्याळ काढणे ही शाळेची परीक्षा ठरते. १९७५ मध्ये तयार झालेली, ३० गुणांची एमएमएसई आणि २००५ ची मोका या प्रसिद्ध चाचण्यांतही हाच दोष येतो. मोकाची मराठी आवृत्ती आहे, तिच्यात २६ ही सर्वसाधारण मर्यादा धरतात आणि बारा वर्षांहून अधिक शिक्षण नसल्यास एक गुण वाढवून देतात. पण चौथीपर्यंत शिकलेल्या निरोगी आजींचे गुण त्यानंतरही बरेच खाली राहू शकतात. हरियाणातील बल्लभगढ परिसरात १९९० च्या दशकात निरक्षर ग्रामीण ज्येष्ठांसाठी तयार केलेल्या हिंदी चाचणीत आकडेमोडीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले गेले, आणि हा मार्ग मराठी घरांतही चालतो. शनिवारपासून मागे वार म्हणवून घ्यावेत. 'दोनशेची नोट दिली, पासष्ट रुपयांची भाजी घेतली, परत किती?' हे तोंडी विचारावे. महिना विचारल्यावर 'नोव्हेंबर'ऐवजी 'कार्तिक' असे उत्तर आले आणि ते बरोबर असले, तर पूर्ण गुण द्यावेत. एका मिनिटात जितकी आठवतील तितकी प्राण्यांची नावे सांगायला लावून ती मोजावीत, आणि कोणते नाव पुन्हा आले तेही लिहावे.

घरच्या चाचण्यांत सरावाचा परिणाम फार मोठा असतो. तेच तीन शब्द दर महिन्याला विचारले तर ते पाठ होतात आणि घसरण झाकली जाते. म्हणून दर वेळी शब्द बदलावेत, सहा महिन्यांच्या आत चाचणी पुन्हा घेऊ नये, आणि प्रेमापोटी घड्याळ काढण्याचा सराव करून घेऊ नये. एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक झोप, दुखणे किंवा मनःस्थिती यांनीही पडतो.

मनःस्थिती हा वेगळा तपासण्याचा विषय आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, अन्नावर वासना नसणे, पहाटे लवकर जाग येणे आणि 'मला काही आठवत नाही' अशी वारंवार तक्रार असेल, तर मूळ कारण नैराश्य असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. सर्दीच्या, ॲलर्जीच्या आणि झोपेच्या काही गोळ्या तसेच वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेली काही औषधे ज्येष्ठांच्या मेंदूला गुंगी आणतात. औषधाच्या दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्यांसह सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत.

डॉक्टरांकडे केव्हा आणि काय घेऊन जावे

काही तासांत किंवा दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, माणसे ओळखेनाशी झाली, गुंगी आली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर काही आठवड्यांनी सुस्ती वाढू लागली, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पक्षाघाताची शंका असेल तर मिनिटेही मोलाची असतात.

हळूहळू झालेल्या बदलासाठी आपले नेहमीचे फॅमिली डॉक्टर, मग न्यूरोलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ असा क्रम ठेवावा. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी स्वतंत्र सेवेची तरतूद आहे. नाशिककरांनी त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढताना तिची चौकशी करावी. सोबत वही, गेल्या दोन-तीन वर्षांचे रक्ताचे अहवाल, औषधांची पिशवी आणि रोज सहवासात असणारी व्यक्ती असावी. त्या व्यक्तीला डॉक्टरांशी दोन मिनिटे स्वतंत्र बोलायला मिळावे, अशी विनंती करावी, कारण बऱ्याच गोष्टी वडीलधाऱ्यांसमोर सांगता येत नाहीत. अल्झायमरसाठी रक्तातील पी-टाऊ २१७ आणि बीटा-अमायलॉइड या प्रथिनांचे गुणोत्तर मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली, पण ती लक्षणे असलेल्या ५५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहे. लक्षणे नसताना केवळ उत्सुकतेपोटी ती करून घेऊ नये.

सौम्य बोधदोष, म्हणजे स्मरण किंवा आकलन थोडे घटले आहे पण रोजचे व्यवहार स्वतः जमतात, असे निदान झाले, तरी तो प्रत्येकाच्या बाबतीत वाढत जात नाही. काहींमध्ये तो वर्षानुवर्षे तसाच राहतो, काहींमध्ये सुधारतोही. अशा वेळी रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, कानाचे यंत्र वापरणे, चालण्याबरोबर पायांच्या ताकदीचे व्यायाम करणे आणि माणसांत मिसळणे यांकडे लक्ष द्यावे. दुबळ्या वृद्धांत साखर फार खाली आणण्याचा अट्टहास धरू नये, कारण साखर वारंवार उतरल्याने मेंदूलाच इजा पोहोचते. वजन दरमहा, चाल, खुर्ची आणि तोल यांची मोजणी सहा महिन्यांनी, रक्त, कान, डोळे आणि स्मृती यांची वर्षातून एकदा, आणि पडणे किंवा रुग्णालयातील मुक्काम झाला असल्यास बरे वाटू लागल्यावर साधारण दोन महिन्यांनी पुन्हा एकदा करावी. घरी मोजणी करायला कोणी नसेल, तर जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात दोघांनी एकमेकांची मोजणी करावी, आणि एकट्या राहणाऱ्यांनी मदतीसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.